धनेशाने परत मागितलेली गुंज

सह्याद्रीच्या एका दाट जंगलात, जिथे भर दुपारीही जमिनीवर उन्हाचे चार कवडसे पडले तर पडले, तिथे एक धनेश पक्षी राहत असे. तो उडाला की त्याच्या पंखांचा आवाज लांबवर जाई, आणि नीट कान दिला तर त्या आवाजात आणखी एक बारीक आवाज ऐकू येई. खुळखुळ, खुळखुळ. मुलांनो, तो त्याच्या गळ्यातल्या पैशांचा आवाज होता.

हो, गळ्यातल्या. मला पहिल्यांदा कळले तेव्हा मीही असाच दचकलो होतो. पण आधी त्या जंगलातले पैसे कसले होते ते सांगतो, म्हणजे तुम्ही आणखी दचकाल. त्या जंगलात मोठे नाणे म्हणजे सागरगोटा आणि सुटे नाणे म्हणजे गुंज. गुंज तुम्ही पाहिली असेल. लालभडक अंग, टोकाला काळा ठिपका, दिसायला इतकी गोड की उचलून तोंडात टाकावीशी वाटते. पण तिचे कवच फुटले की आत जीवघेणे विष असते. जंगलातल्या जुन्या जाणत्यांनी मुद्दामच तिचे नाणे केले होते, कारण भूक लागली म्हणून कुणीही खाऊन टाकील ते नाणे बाजारात टिकणार किती दिवस? त्यामुळे तिथली प्रत्येक आई आपल्या पिल्लाला डोळे उघडताच पहिली गोष्ट शिकवी ती हीच, की गुंजेला तोंड लावायचे नाही.

तोंड लावायचे नाही, पण जीव मात्र सगळ्यांनी लावला होता. अस्वल गुंजांची पुरचुंडी उशाशी घेऊन झोपे आणि कूस बदलताना ती जागेवर आहे का ते चाचपून बघे. माकडे बांबूच्या नळीत गुंजा भरून येता-जाता खुळखुळवत. सशांच्या घरी सोयरीक जुळवायची झाली तर मुलगा कसा आहे ते नंतर विचारत, आधी नळी हलवून दाखवायला सांगत. हाताला लागतो आणि कानाला ऐकू येतो तोच पैसा, अशी त्या जंगलाची पक्की समजूत होती.

आता धनेशाकडे वळू. त्याला ना पुरचुंडी धरायला हात, ना नळी अडकेल असे शेपूट. आणि त्याचे घर तर तुम्हाला ठाऊकच असेल. अंडी घालायची वेळ आली की धनेशीण झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखलाने ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. फक्त चोचीचे टोक जाईल एवढी एक फट उरते. आत मिट्ट काळोख. पिल्लू मोठे होईपर्यंत ती बाहेर येत नाही. बाहेरून धनेश फळे आणतो. ती तो गळ्यात साठवतो, एकेक करून चोचीच्या टोकाशी आणतो आणि फटीतून आत देतो. आई ते फळ चोचीत चिरडून पिल्लाला भरवते. त्या घराला गुंजा ठेवायला कोनाडा नव्हता. तेव्हा धनेशाने तोडगा काढला. ज्या गळ्यातून फळे न्यायची, त्याच गळ्यात तळाशी पैसे ठेवायचे. न फुटलेली गुंज गळ्यात काही करत नाही, हे त्याला ठाऊक होते. तुम्ही मात्र हे करून बघू नका, नाहीतर तुमच्या आया मला धरतील.

धनेश तसा वाईट नव्हता. उलट फार काळजीचा बाप होता. "हे सगळं पिल्लासाठीच साठवतोय," असे तो फटीजवळ बसून धनेशिणीला रोज सांगे. आतून ती म्हणे, "अहो, पण आज फळं थोडी कमी वाटली." मग तो महागाईचा विषय काढी. महागाई थोडीफार होतीही, खोटे कशाला बोला. पण खरी गोष्ट अशी, की गळ्याची थैली एकच होती आणि पैसे वाढत चालले होते.

अशात एके दिवशी बाजारात कोल्हा आला आणि त्याने सगळ्या जंगलाला हादरवून टाकले. बाजार भरायचा एका जुन्या वडाखाली. कोल्हा आला तो रिकाम्या हातांनी. शेकरूबाईंच्या दुकानातून त्याने ओंजळभर जांभळे उचलली आणि पैशांची पुरचुंडी काढण्याऐवजी कान पुढे केला. कानामागे एक काजवा बसला होता. शेकरूबाईंच्या फांदीवरही त्याने सकाळीच एक काजवा आणून बसवला होता. कोल्ह्याचा काजवा लुकलुकला, फांदीवरचा काजवा तितक्याच वेळा लुकलुकला, आणि कोल्हा म्हणाला, "झाले पैसे."

माकडांच्या नळ्या खुळखुळायच्या थांबल्या. अस्वलाने आपली पुरचुंडी पोटाशी धरली. शेकरूबाई तर जांभळांकडे बघत, काजव्याकडे बघत, कोल्ह्याकडे बघत नुसत्या शेपटी झाडत राहिल्या. हातात काही पडले नाही, कानाला काही ऐकू आले नाही, आणि हा म्हणतो पैसे झाले!

कोल्ह्याने मग समजावून सांगितले. ज्याला पटेल त्याने आपल्या गुंजा साळिंदराच्या बिळात ठेवायच्या. साळिंदराच्या बिळात हात घालायची कुणाची छाती होते? संध्याकाळी सगळे काजवे एका झाडावर जमतात आणि एकाच तालात लुकलुकतात, ते तर सगळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले. कुणी कुणाला किती दिले ते तेव्हा एकमेकांशी जुळते, आणि साळिंदर त्याप्रमाणे एका ढिगातल्या गुंजा दुसऱ्या ढिगात सरकवते. मोजायचे नाही, सांडायचे नाही, हात लावायचा नाही.

"पण हे तुला का सुचलं?" अस्वलाने संशयाने विचारले.

"माझ्याकडून गुंज घेताना तुम्ही ती तीनदा उलटून बघता," कोल्हा म्हणाला. "आता माझं तोंड बघायला नको. काजवा बघा."

मुलांनो, गोष्टीत कोल्हा आला की पुढे काय होणार ते तुम्हाला पाठ असते. मलाही होते. मी वाटच बघत होतो की हा आता सगळ्यांच्या गुंजा घेऊन पसार होणार. जंगलही वाट बघत होते. कावळा कोल्ह्याच्या गुहेवर पाळत ठेवून बसला. माकडे साळिंदराच्या बिळाभोवती उगाच फिरत राहिली. अस्वलाने तर मध खरेदी केला आणि संध्याकाळी धावत जाऊन आपला ढीग बरोबर आहे का ते मोजून घेतले. ढीग बरोबर होता. दुसऱ्या दिवशीही बरोबर होता. कोल्ह्याने कुणालाही फसवले नाही, आणि या गोष्टीचा धक्का जंगलाला काजव्याहून मोठा बसला. कावळ्याला दोन दिवस अन्न गोड लागले नाही.

मग मात्र वारे फिरले. पाऊस येईपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या कानामागे, पंखाखाली, शेपटीच्या झुबक्यात एकेक काजवा दिसू लागला. बांबूच्या नळ्यांत माकडे आता पाणी भरून पिऊ लागली. राहिला तो एकटा धनेश.

"काजवा आज आहे, उद्या विझला तर?" तो म्हणे. "गुंज माझ्या गळ्यात आहे तोवर ती माझी." कोल्ह्याने समजावले, शेकरूबाईंनी समजावले. धनेशिणीनेही आतून सुचवून पाहिले की पैसे साळिंदराकडे ठेवले तर गळा मोकळा होईल. त्यावर तो इतका दुखावला की दिवसभर अबोल राहिला. आपण एवढी काटकसर करून साठवतो आणि घरातच कदर नाही, असे त्याला वाटले. धनेशीण पुन्हा बोलली नाही. जे येई त्यातले बरेचसे ती पिल्लाला देई आणि उरलेले आपण खाई.

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचे तो दिवस आला. शेकरूबाईंकडे पिंपळाची फळे आली होती. बारीक, गोल, पिकून लालसर झालेली, गुंजेहून थोडीच मोठी. धनेशाने सागरगोटा पुढे केला. फळांचे पैसे वजा जाता त्याला एक गुंज परत यायची होती. एकच. नेहमीची त्याची रीत अशी, की आधी पैसे द्यायचे, सुटे परत घ्यायचे, ते गिळून तळाला सारायचे आणि मग वर फळे भरायची. म्हणजे घरी पोहोचल्यावर फळे आधी बाहेर येत, आणि चोचीला काही टणक लागले की फळे संपली असे समजून तो थांबे. इतके दिवस यात कधी चूक झाली नव्हती.

पण शेकरूबाईंच्या ढोलीत त्या दिवशी सुटी गुंज नव्हती. असणार कुठून? सगळे काजव्याने पैसे देत होते. "सुट्टे नाहीत हो धनेशराव," त्या म्हणाल्या. "त्या बदल्यात चार फळं जास्त घ्या."

सुट्ट्यांऐवजी दुकानदार तुमच्या हातावर गोळी ठेवतो ना, त्यातलाच हा प्रकार. पण धनेशाला तो अपमान वाटला. "मला माझी गुंज हवी," तो म्हणाला. शेकरूबाईंनी पुन्हा विनवले. फळे ताजी आहेत, पिल्लाला होतील. तो ऐकेना. सगळा बाजार बघायला लागला. शेवटी त्या चिडून साळिंदराच्या बिळाकडे सुटे आणायला गेल्या. इकडे माकडे फळांभोवती घुटमळू लागली, तेव्हा धनेशाने फळे गिळून टाकली. थोड्या वेळाने शेकरूबाई आल्या आणि त्यांनी एक गुंज त्याच्यासमोर ठेवली. धनेशाने मान ताठ करून ती उचलली, सगळ्यांना दिसेल अशी चोचीत धरली आणि गिळली.

मुलांनो, तुमच्या लक्षात आले का? त्याच्या आले नाही. तो जिंकला होता ना.

घरी येऊन तो फटीजवळ बसला आणि आधी त्याने आपला पराक्रम सांगितला. बाजार कसा बघत राहिला, शेकरूबाईंना कसे जावे लागले, आपण एक गुंजही कशी सोडली नाही. आतून पिल्लाची भुकेली किरकिर ऐकू येत होती. धनेशीण म्हणाली की आधी फळ द्या, मग बोला. तेव्हा त्याने गळ्यातून पहिला घास वर आणला आणि बोलण्याच्या नादातच फटीतून आत दिला. धनेशिणीने तो काळोखात घेतला आणि रोजच्यासारखा चोचीत दाबला.

आत कट्ट असा आवाज झाला.

पिकलेले फळ असे वाजत नाही. धनेशाला तो आवाज बाहेर ऐकू आला आणि त्याचे पंख गार पडले. मग धनेशिणीचा आवाज आला, अगदी हळू.

"अहो, हे काय दिलंत?"

तिला उत्तर आधीच कळले होते. गुंज फुटली होती. अर्धी तिच्या चोचीत अडकली होती, ती तिने फटीतून बाहेर टाकली. उरलेली अर्धी खाली पडली होती, आणि खाली पिल्लू होते. चोच उघडून बसलेले, उपाशी, वरून पडेल ते गिळणारे. तिने झटकन आपल्या चोचीने त्याची चोच मिटून धरली. त्याने अर्धी गुंज गिळली होती का, ते तिला माहीत नव्हते. गिळली नसेल तर ती कुठे पडली होती, तेही दिसत नव्हते. धनेशाने फटीला डोळा लावला तर त्याच्याच डोक्याने उजेड अडला. डोके मागे घेतले तर आतल्या काळोखात काही दिसेना. भिंत फोडावी तर वाळलेला चिखल सगळ्या ढोलीभर पडणार आणि त्यात ती अर्धी गुंज कायमची हरवणार, पिल्लाला पुढेमागे सापडायला.

"उजेड हवा," धनेशीण मिटल्या तोंडाने म्हणाली. "मला याची चोच फार वेळ धरवणार नाही."

धनेश उडाला. आयुष्यात तो इतक्या वेगाने उडाला नव्हता, आणि गळ्यातले पैसे त्याला इतके जडही कधी वाटले नव्हते. वडाखाली तो धपकन उतरला आणि जे झाले ते त्याने तुटक तुटक सांगितले. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर काटा आला. घरात पिल्ले असलेल्या आया तर तिथल्या तिथे थिजल्या. गुंजेला तोंड लावू नकोस असे ज्या जंगलात पिल्लाला सगळ्यांत आधी शिकवतात, तिथे बापाने आपल्या चोचीने गुंज भरवली होती. शेकरूबाईंनी दोन्ही पंजे तोंडावर ठेवले. ती गुंज त्यांनीच आणून दिली होती.

कोल्हा पुढे आला. त्याने मान खाली केली. त्याच्या कानामागचा काजवा उडाला आणि धनेशाच्या डोक्यावरच्या पिवळ्या टोपावर जाऊन बसला.

"किती द्यायचे?" धनेशाने विचारले. सवय हो, दुसरे काय. त्या क्षणीही त्याच्या तोंडून तेच निघाले, आणि विचारल्यावर त्याचे त्यालाच कसेसे झाले.

"आधी जा," कोल्हा म्हणाला.

काजवा फटीतून आत शिरला आणि ढोलीत पहिल्यांदा उजेड झाला. आता धनेशालाही फटीतून आत दिसत होते. धनेशिणीने पिल्लाची चोच किंचित उघडली. आत काही नव्हते. जिभेखाली नव्हते. काजवा खाली उतरला, तळाच्या भुशावरून फिरला, पिल्लाच्या पायांजवळून फिरला. तिथेही नव्हते. मग काजवा पिल्लाच्या मानेवर चढला आणि तिथेच थांबून जोरात लुकलुकू लागला. मानेच्या कातडीला वळी पडली होती, आणि त्या वळीत लाल कवचाचा अर्धा तुकडा चिकटून बसला होता. पिल्लाने जरा मान वळवली असती तर तो थेट त्याच्या चोचीशी आला असता. धनेशिणीने पिल्लाची चोच पायाने धरून ठेवली, तो तुकडा अलगद उचलला आणि बाहेर फेकला. मग तिने पिल्लाची चोच सोडली. पिल्लू रागाने ओरडले. इतका गोड आवाज त्या दोघांनी कधी ऐकला नव्हता.

धनेशाच्या डोळ्यांत पाणी आले. तो काजव्याला आता बाहेर ये म्हणणार, एवढ्यात त्याचे लक्ष पुन्हा पिल्लाकडे गेले. जीव वाचला का एवढेच बघण्याच्या घाईत मघाशी त्याने पिल्लू नीट पाहिलेच नव्हते. पिल्लू जन्मल्यापासून त्याने ते कधीच पाहिले नव्हते. बाहेर बसून त्याने मनात एक गुटगुटीत पिल्लू तयार केले होते आणि त्याच्यासाठी तो साठवत होता. समोर होते ते काटकुळे, मोठ्या डोक्याचे, बारीक मानेचे. कातडीला वळ्या होत्या त्या बाळसे धरल्याच्या नव्हत्या. आत काहीच नसल्यामुळे कातडी लोंबली होती. आणि त्याच्या शेजारी बसलेली धनेशीण त्याला क्षणभर ओळखूच आली नाही.

"हे एवढंसं कसं?" त्याने विचारले.

धनेशीण रागावली नाही. ती दमली होती.

"तुम्ही आणलंत तेवढंच झालंय," ती म्हणाली.

मुलांनो, विषाच्या त्या तुकड्यानेही धनेशाला जे झाले नव्हते ते या शब्दांनी झाले. त्याने आधी गळ्यातली सगळी फळे एकेक करून, प्रत्येक फळ काजव्याच्या उजेडात नीट बघून आत दिली. मग तो खालच्या फांदीवर गेला आणि मान खाली घालून त्याने गळा मोकळा करायला सुरुवात केली. गुंजा पाचोळ्यावर पडू लागल्या. पडतच राहिल्या. मागोमाग सागरगोटे आले. त्याच्या पाठोपाठ आलेले प्राणी झाडाखाली उभे राहून बघत होते. एवढे सगळे एका गळ्यात होते, आणि त्याच गळ्यातून दोन जीव जेवत होते! झाडाखाली लाल ढीग झाला. माकडांनीही त्याला हात लावला नाही.

गळा रिकामा झाल्यावर धनेशाने तो ताणून पाहिला. किती जागा होती तिथे, ते त्याचे त्यालाही खरे वाटेना. त्याने ढिगाकडे बघितले नाही. साळिंदर आले आणि आपल्या पद्धतीने ढीग उचलून बिळात घेऊन गेले. धनेश काजव्याला टोपावर बसवून सरळ शेकरूबाईंकडे गेला. त्यांनी फळे दिली आणि काजवा लुकलुकला. सकाळी नाकारलेली चार फळे त्याने स्वतःहून मागितली, तेव्हा शेकरूबाईंना हुंदका आवरला नाही.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो किती फेऱ्या करत राहिला ते कुणी मोजले नाही. आता तो उडाला की नुसता पंखांचा आवाज येतो. तो आवाज आला की ढोलीतले पिल्लू ओरडायला लागते, आणि धनेश फटीतून पहिले फळ देण्याआधी ते उजेडात धरून दोनदा बघतो.

तात्पर्य : ज्यांच्यासाठी पैसा जपायचा, त्यांच्या घासाची जागा पैशाला देऊ नये.